मौलाची मजुरी

कुंडलच्या एस.टी. स्टँडामागं मौला शिकलगारचं मोटरी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळली की आतली तांब्याची तार काळी पडते. ती सगळी उचकटून काढायची आणि नवी तार हातानं एकेक वेढा मोजत बसवायची, याला तिकडं मोटर भरणं म्हणतात. मौलाचा बाप हेच करायचा. बाप गेल्यावर मौलानं दुकान चालवलं त्याला आता सोळा वर्षं झाली होती, आणि त्यानं भरलेली मोटर लवकर दगा देत नाही असं पलूसपासून विट्यापर्यंतचे शेतकरी सांगायचे.

माणूस भिडस्त होता. कुणी सांगावा धाडला की एम-एटी मोपेड काढून तो विहिरीवर जायचा, मोटर वर काढायचा, भरून पुन्हा नेऊन बसवून द्यायचा. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीचे अकराशे रुपये. जाण्यायेण्याचे, काढण्याबसवण्याचे त्यानं कधी घेतले नाहीत. मोटर सहा महिन्यांत पुन्हा जळली तर फुकट भरून द्यायचा, मग ती कशानं का जळेना. आणि जळकी तार वजन करून शेतकऱ्याच्या हवाली करायचा. ती रीत बापाची.

हिशेब असा त्याचा नव्हता. दुकान बंद करताना शर्टाच्या खिशात जे असेल तो त्या दिवसाचा फायदा. सांगलीहून तार आणायची तर त्याच खिशातून, बायकोनं, शाहजादीनं, तेल-साखर सांगितली तर त्याच खिशातून, पोरीच्या, सुमैराच्या शाळेची फीही तिथूनच. उन्हाळ्यात मोटरी धडाधड जळायच्या आणि खिसा फुगायचा. पावसाळ्यात काम आटलं की तारेच्या व्यापाऱ्याकडं उधारी चढायची, ती पुढच्या उन्हाळ्यात फिटायची. धंदा बरा चाललाय, याबद्दल मौलाच्या मनात कधी शंका आली नाही.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीत लालासाहेब दुकानात येऊन बसले. नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचे ते चेअरमन. संस्थेचे सभासद शंभराच्या वर, आणि बहुतेकांच्या विहिरीवर पाचची मोटर.

"मौला, आमच्या सभासदांची मोटरींची तक्रार लय वाढलीया," ते म्हणाले. "कोण कुठं नेतो, कोण कुठं. मी म्हणतो, समद्या तुझ्याकडंच येऊ देत. वर्साचा करार करू. एका मोटरीला हजार रुपये, काढून-बसवून. एक जूनपास्नं."

"हजार?" मौला म्हणाला.

"शंभर कमी घे, पर काम बघ की किती मिळतंय तुला."

मौलाला ते पटलं. शंभर मोटरी एकगठ्ठा म्हणजे चेष्टा नव्हे. त्यानं चहा मागवला, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी स्टँडावरच्या पानपट्टीवाल्यालाही कळली. शाहजादीला त्यानं सांगितलं की यंदा पावसाळ्यात व्यापाऱ्याचं तोंड बघायला नको.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो संस्थेच्याच एका सभासदाच्या विहिरीवर गेला होता. चेनपुलीनं मोटर वर येत होती. काठाला टेकायच्या बेताला हूक सरकला, मोटर झोका खाऊन आली आणि मौलाचा उजवा हात तिच्या आणि दगडी काठाच्या मधे सापडला. सांगलीच्या दवाखान्यात फोटो काढला तर मनगटाची दोन हाडं मोडलेली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. लालासाहेब भेटायला आले, मोसंबी घेऊन. माणूस वाईट नव्हता. दवाखान्याचं बिल मात्र मौलानंच भरलं, आणि विहीरवाल्याकडं मागावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ऐन हंगाम. दुकानापुढं सहा मोटरी पडलेल्या. बंद ठेवावं तर गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडं जायचं. मौला प्लास्टरचा हात गळ्यात बांधून सांगलीला गेला आणि तारेच्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं नानासो नावाचा कारागीर घेऊन आला. नानासो चाळिशीचा, बारीक अंगाचा, आणि बोलायला मोजका.

"मोटरीला एकशेचाळीस घेणार," त्यानं दुकानात पाय टाकायच्या आधीच सांगितलं. "राहायची सोय आणि दोन वेळचं जेवण तुमच्याकडं. विहिरीवर मी जाणार नाही. मोटर दुकानात आली पाहिजे आणि दुकानातनंच गेली पाहिजे."

"गिऱ्हाईक मोटर आणून देत न्हाई हितं," मौला म्हणाला. "आमीच जातो."

"मग कुणाला तरी लावा त्याला."

मौलानं धुळाला लावलं. धुळाचा तीनचाकी टेम्पो होता. एका खेपेला चाळीस रुपये. जवळच्या लोकांनी, मौलाचा हात बघून, मोटरी स्वतःच आणून टाकल्या. तरी एप्रिलात धुळाच्या अठरा खेपा झाल्या.

नानासो काम चोख करायचा. सकाळी आठला बसायचा आणि पाचला हात धुवायचा. एक सवय मात्र मौलाला विचित्र वाटायची. नानासोजवळ शाळेच्या पोराची असते तशी एक शंभर पानी वही होती. मोटर हाती घेतली की तो त्यात लिहायचा: कुणाची, तार किती किलो, कागद किती, व्हार्निश किती, कशानं जळली.

"हे कशाला लिवताय?" मौलानं विचारलं.

"मला मोटरीवर पैसे मिळतात. किती भरल्या त्याचा वाद नको," नानासो म्हणाला. "आणि मालकाला तार कुठं गेली ते दाखवता येतं. एका ठिकाणी माझ्यावर तारेचा आळ आला होता. तेव्हापासून लिहितो."

 आपल्याला नुसतं बसून बघायची सवय नाही, हे मौलाला त्या महिन्यात कळलं. गिऱ्हाइकाशी बोलावं, डाव्या हातानं चहा प्यावा, आणि खिशात पैसे येताना बघावेत. पैसे येतच होते. एप्रिलात अठ्ठावीस मोटरी भरून गेल्या, मौलाच्या हातून कधी पंचविसाच्या वर गेल्या नव्हत्या.

मेच्या पहिल्या गुरुवारी वीज नव्हती. गुरुवार हा त्या बाजूचा वीज नसायचा वार. नानासोनं वही पुढं ठेवली आणि महिन्याचे पैसे मागितले. अठ्ठावीस मोटरींचे तीन हजार नऊशेवीस, आणि वर चार मोटरी गॅरंटीत परत आलेल्या, त्यांचे पाचशेसाठ.

एप्रिलभर घरखर्च मागच्या शिलकीवर भागवून दुकानाचे पैसे तसेच ट्रंकेत ठेवले होते, ते मौलानं घरात जाऊन आणले. तारेच्या व्यापाऱ्याचं बिल आलं होतं, ते द्यायचं होतं. दुकानाचं भाडं, लाइट बिल, धुळाचे. एकेकाचे बाजूला ठेवत गेला तशी ढिगातली नोट नोट कमी होत गेली. शेवटी त्याच्यापुढं पन्नासची एकच नोट राहिली.

त्याला वाटलं आपण कुठंतरी चुकलो. त्यानं सगळे पैसे पुन्हा एकत्र केले आणि पुन्हा वेगळे केले. पुन्हा पन्नास.

"नानासो, जरा बघा वो हे," तो म्हणाला. "पैसं कुठंतरी पडल्यात."

नानासोनं वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. अठ्ठावीस मोटरी, अकराशेनं तीस हजार आठशे. तार, कागद, व्हार्निश धरून एका मोटरीला सातशेपंचाहत्तर, म्हणजे एकवीस हजार सातशे. राहिले नऊ हजार शंभर. त्यातून त्याची मजुरी गेली, साडेसातशे भाडं-लाइट, सातशेवीस धुळाचे. गॅरंटीच्या चार मोटरींचं सामान एकतीसशे आणि त्यांची मजुरी. खाली पन्नास आले.

"पैसं पडलेले न्हाईत," नानासो म्हणाला. "एका मोटरीला तुम्हाला एक हजार अठ्ठ्याण्णव खर्च येतो. पावणेदोन रुपये राहतात."

"आसं कसं? सोळा वर्सं मी आसंच करतोय. घर चाललंय, पोरगी शिकतीया."

"तेव्हा माझे साडेचार हजार तुमच्याकडं राहत होते. आता ते मी घेतो."

 मौलाच्या डोळ्यांपुढं बापाचा आणि आपला असा सगळा काळ एकदम आला. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत वाकून बसायचं, उन्हातान्हात विहिरी उतरायच्या, आणि ज्याला आपण दुकानाचा फायदा म्हणत होतो ती आपलीच मजुरी होती. तीही सांगलीतल्या कामगाराला जेवढी मिळते तेवढीच. दुकान म्हणून जे होतं त्यानं सोळा वर्षांत त्याला काही दिलं नव्हतं. हात मोडला नसता तर हे कधी कळलंही नसतं.

शाहजादी दाराशी बसून लेदरॉइड कापत होती. तारेखाली घालायचा तो जाड कागद, त्याच्या मापाच्या पट्ट्या लग्न झाल्यापासून तीच कापायची. कॉइल बांधायला दोरा लावायचं कामही तिचंच. तिनं कात्री खाली ठेवली.

"ती पन्नासची नोट बी तुमची न्हाई," ती म्हणाली.

मौलानं मान वर केली.

"ह्यात माझं कुठं लिवलंय? ह्या पट्ट्या बाहेरनं कापून घेतल्या असत्या तर काय पडलं असतं? आन् ह्यांचं दोन येळचं जेवान महिनाभर मी घातलं, ते कुठल्या पैशात?"

नानासोनं वही जवळ ओढली आणि न विचारता लिहिलं. पट्ट्या आणि दोऱ्याचे मोटरीला वीस. जेवणाचे त्यानं स्वतःच महिना चारशे लावले. अठ्ठावीस आणि चार बत्तीस मोटरी, सहाशेचाळीस अधिक चारशे. मग खालच्या पन्नासवर रेघ मारली आणि तिथं उलटे नऊशेनव्वद लिहिले.

"बरोबर हाय वहिनींचं," तो म्हणाला.

 तिसऱ्या दिवशी मौला नानासोजवळ जाऊन बसला, गॅरंटीत आलेल्या चार मोटरींची पानं काढायला लावली. चारींपुढं एकच लिहिलं होतं. आतल्या तारेच्या तीन हिस्स्यांपैकी दोन काळे, एक कोरा. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला आणि मोटर तशीच चालत राहिली की तार अशी जळते. भरणाऱ्याचा त्यात दोष नसतो. मौलाला हे नानासोपेक्षा चांगलं माहीत होतं. दरवेळी उघडल्याबरोबर तो ते ओळखायचा, आणि शेतकऱ्याचं उतरलेलं तोंड बघून फुकट भरून द्यायचा.

"स्टार्टरला एक छोटी डबी बसवली की फेज गेल्यावर मोटर आपोआप बंद पडती," नानासो म्हणाला. "तीनशेला मिळती. तुमी का सांगत न्हाई?"

"सांगितलं तर म्हणत्यात, मौला खर्चात पाडतोय."

"आन् चार मोटरींचा खर्च तुमच्यावर पडतो, ते चालतं."

मग दोघं मिळून बसले. नानासोनं एक दर काढला, मौलानं तो पन्नास रुपयांनी कमी केला, नानासोनं पुन्हा वहीत दाखवलं की एवढ्यात पावसाळ्याला काही उरत नाही. शेवटी साडेबाराशेवर आले. विहिरीवर जायचे, काढायचे, बसवायचे पैसे वेगळे. गॅरंटी हातच्या कामाची, फेज गेल्यानं जळली तर नाही; डबीचं मात्र प्रत्येकाला सांगायचं. नानासो म्हणाला की जळकी तारही ठेवून घ्या, सगळे ठेवतात, मोटरीमागं दोनशे सुटतील. तिथं मात्र मौला अडला.

"त्यानं पैसं मोजून घेतलेली तार हाय ती," तो म्हणाला. "तिच्यावर माझा हक न्हाई."

करारावर सही करायला लालासाहेबांनी मेअखेर बोलावलं. संस्थेच्या कार्यालयात पंखा चालू होता, टेबलावर स्टॅम्पपेपर तयार होता. मौलाचं प्लास्टर दोनच दिवसांपूर्वी निघालं होतं. हात बारीक झाला होता आणि मनगट पुरतं वळत नव्हतं. लालासाहेबांनी पेन पुढं केलं.

"आवं साहेब, हजारात मला जमायचं न्हाई," मौला म्हणाला.

लालासाहेब हसले. "शंभरासाठी अडून बसलास व्हय? बरं, अकराशे कर. तुझा नेहमीचा."

"अकराशेत बी न्हाई."

मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. नानासोच्या अक्षरातला तो एका मोटरीचा हिशेब होता. लालासाहेबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. शाहजादीचे वीस रुपये बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बायकोची बी मजुरी?"

"तिनं काम केलंय, साहेब."

"आन् हे साडेबाराशे? वर काढण्याबसवण्याचं वेगळं?" लालासाहेबांनी कागद परत केला. "मौला, मी सभासदांना काय सांगू? सांगलीचं एक दुकान हजारात करायला तयार हाय. तू गावचा म्हणून तुला आधी विचारलं."

"त्येला परवडत असंल. चार कारागीर हायेत त्येच्याकडं, तार क्विंटलनं घेतो. मी हजारात केलं तर तुमच्या शंभर मोटरींमागं धा हजार घरनं घालावं लागतील. मग एक दिवस तार बारीक घालायची पाळी येईल माझ्यावर. ती मला घालायची न्हाई."

 लालासाहेबांनी स्टॅम्पपेपर खणात टाकला. रागावले नाहीत, पण थांब, चहा घेऊन जा असंही म्हणाले नाहीत. मौला कागद खिशात घालून बाहेर आला. सोळा वर्षांत त्यानं पहिल्यांदाच कुणाला नाही म्हटलं होतं, तेही चेअरमनला.

नवे दर त्यानं पत्र्याच्या पाटीवर रंगवून दुकानाबाहेर लावले. पहिले काही दिवस लोक पाटी वाचून आत यायचे ते भांडायलाच. एका म्हाताऱ्यानं त्याला बापाची आठवण काढून सुनावलं. मौला ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमची तार तुमाला परत मिळंल, काम बी तेच मिळंल. विहिरीवर यायचं असलं तर धुळाचं भाडं आन् माझी मजुरी पडंल." काही जण मोटर उचलून परत घेऊन गेले. करार सांगलीच्या दुकानाला गेला. त्यांचं काम तसं वाईट नव्हतं आणि त्यांना ते परवडलंही, हे मौलानं पुढं कुणी विचारलं तर मोकळेपणानं सांगितलं.

जूनमधे सतराच मोटरी आल्या. महिन्याच्या शेवटी मौलानं नानासोसारखेच पैसे वेगवेगळे ठेवले: सामानाचे, भाड्याचे, भरणाऱ्याचे, शाहजादीचे. एक मोटर गॅरंटीत आली, ती खरोखर हातची चूक होती, तिचाही खर्च धरला. सगळं देऊन तीन हजारांच्या वर शिल्लक राहिले. अठ्ठावीस मोटरींत खड्डा पडला होता आणि सतरांत एवढे राहिले. त्यानं ते तीनदा मोजले. मग तारेच्या व्यापाऱ्याकडं न जाता पोस्टात नवं खातं उघडून त्यात ठेवले.

जुलै-ऑगस्टात दुकान जवळजवळ रिकामं होतं. नानासो सांगलीला परत गेला, जाताना वही मौलाकडं ठेवून गेला. मौलानं त्या दोन महिन्यांत पोस्टातले पैसे काढून खाल्ले, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा उधारी नसताना तार आणायला सांगलीला गेला. व्यापाऱ्यानं रोख बघून किलोमागं चार रुपये कमी केले. एवढी वर्षं उधारीपायी आपण तेही देत होतो, हे मौलाला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मनगट पुरतं वळायला लागलंच नाही. बारीक मोटर भरताना बोटं दुखायची. म्हणून पुढच्या जानेवारीत त्यानं नानासोला निरोप धाडला आणि दर हंगामापुरतं बोलावलं, मजुरी मोटरीला दीडशे. हिशेबात ती बसते हे त्यानं आधी बघून घेतलं होतं. जेवणाचे चारशे त्यात शाहजादीनं कुणी न सांगता आधीच धरले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी लालासाहेबांची जीप दुकानापुढं थांबली. ते बाकड्यावर बसले, पाटी वाचली.

"तुझी ती डबी," ते म्हणाले, "स्टार्टरला बसवायची. तीन सभासदांनी तुझ्याकडनं बसवून घेतल्यात. त्यांच्या मोटरी तवापास्नं जळल्या न्हाईत."

"जळायच्या न्हाईत."

"मग तू सांगून तुझंच काम कमी केलंस की रं."

"कमी झालं," मौला म्हणाला. "पर जे फुकट करत होतो तेच कमी झालं."

लालासाहेबांनी मान हलवली. सांगलीवाल्याचा करार तसाच राहणार होता. पण सगळ्या सभासदांना डब्या बसवायच्या, आणि उन्हाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा प्रत्येक विहिरीवर जाऊन स्टार्टर तपासायचा, असं त्यांच्या मनात होतं. सांगलीचा माणूस एवढ्यासाठी फिरणार नव्हता.

"काय घेशील?" त्यांनी विचारलं.

पूर्वीचा मौला असता तर म्हणाला असता, द्या तुमाला काय द्यायचं ते. त्यानं नानासोच्या वहीचं कोरं पान उघडलं. पेट्रोल किती, एका दिवसात किती विहिरी होतील, दिवसाची मजुरी किती, एम-एटीची झीज किती, हे हळूहळू लिहिलं. लालासाहेब चहा पीत थांबले.

"एका विहिरीला पस्तीस," तो म्हणाला. "डबीचं वेगळं."

"तीस कर."

"पस्तीसच पडतंय, साहेब. हे बघा."

लालासाहेबांनी वही बघितली नाही. "पस्तीस," ते म्हणाले, आणि उठले.

त्या उन्हाळ्यात नानासो दुकानात भरत होता आणि मौला नदीकाठच्या विहिरी फिरत होता. वळत नसलेल्या मनगटानं एवढं काम होत होतं. मेच्या पहिल्या तारखेला त्यानं सगळ्यांचे पैसे मोजले. शाहजादीच्या हातात पट्ट्या-दोऱ्याचे पाचशेसाठ रुपये ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "ह्यातलं घरात न्हाई घालणार मी."

"नको घालू."

दुसऱ्या दिवशी ती सुमैराला घेऊन फलटणला बहिणीकडं निघाली. बहिणीला मुलगी झाली होती, दोन वर्षं जायचं राहिलं होतं. स्टँडावर मौला तिकिटाला खिशात हात घालू लागला तर तिनं त्याला थांबवलं आणि कंडक्टरला आपल्या बटव्यातून पैसे दिले. गाडी गेल्यावर मौला दुकानात आला. नानासोनं विचारलं, आता चार दिवस जेवणाचं कसं. मौला म्हणाला, स्टँडावरच्या खानावळीत डबा लावलाय, दोघांचा, आणि त्या डब्याचे पैसे त्यानं वहीत लिहून ठेवले.